प्रतिवादी क्रमांक एक यास

मोंगोनी, ९ फेब्रुवारी

अनाएली,

माझ्या वकीलबाईंनी बजावून सांगितलंय की प्रतिवादीला एक ओळसुद्धा लिहायची नाही, जे काय असेल ते त्यांच्यामार्फत. मी शहाण्यासारखी मान डोलावली, बाहेर पडले आणि मोशीच्या बसस्टँडवर आधी हे लिहायचं पॅड विकत घेतलं. तर ऐक. मी तुझ्यावर दावा लावला!

आता घाबर. नोटीस आली तेव्हाच घाबरला असतास तर ही वेळ आली नसती. त्या नोटिशीवर तुझ्या बायकोनं कांदे चिरले की काय कोण जाणे. मुदत सरली, तुझं अक्षर नाही. फोन तर तू उचलतच नाहीस, म्हणून हे पत्र दार-एस-सलामच्या बसच्या कंडक्टरकडे देतेय. त्याला सांगितलंय, हातात दे आणि तोंड कसं झालं ते मला येऊन सांग.

सकाळी कोर्टात कारकुनानं विचारलं, "नवऱ्याचं नाव?" म्हटलं, "ते अरुशालाच ठेवून आले. तुम्ही बापाचं लावा." मग त्यानं शिक्का मारला. काय आवाज रे त्या शिक्क्याचा, टेबल हाललं! वर छान टाइप केलंय: अपाइकुंडा किमांबो, वादी. त्याखाली 'विरुद्ध'. त्याखाली प्रतिवादी क्रमांक एक, तू. क्रमांक दोन, तुझा तो लॉजवाला. आयुष्यात मी एवढी खूश कधी झाले नव्हते, का ते मलाच कळेना. कालिंगाबाई, म्हणजे माझ्या वकील, म्हणाल्या, "अहो, हसू नका, लोकांना वाटेल लग्न नोंदवायला आलात."

पुढे 'मला कळलंच नाही' म्हणशील म्हणून काय मागितलंय ते इथंच सांगते. बाबांचा किहांबा, म्हणजे घर, केळी, कॉफी, पाट आणि घरामागच्या आईबाबांच्या कबरी, हे सगळं मला न विचारता विकायचं नाही. आणि त्यात मुलगी म्हणून माझाही हिस्सा आहे असं कोर्टानं लिहून द्यायचं. बस्स. आईबापाचं घर धाकट्या मुलाचं, ही आपली चग्गांची रीत मला शिकवू नकोस. धाकटा तू, मान्य. पण आईला उचलून उन्हात बसवणारी मी, कॉफी खुडणारी मी, पाट उपसणारी मी, आणि तू दार-एस-सलामला बसून उंटावरून शेळ्या हाकणार! आईला मातीआड करून वर्ष झालं नाही तोवर लॉजवाल्याच्या विक्री-करारावर सही केलीस, आणि मला कळलं कधी? फीत घेऊन माणूस अंगणात आला तेव्हा.

याकोबो काका म्हणाले, "पोरी, कोर्टाची पायरी शहाण्यानं चढू नये." म्हटलं, "म्हणूनच मी चढले काका. शहाणे सगळे तुमच्या बैठकीत म्बेगे पीत बसलेत." भावकीच्या त्या बैठकीत काय ठरलं ते तुला माहीतच आहे: भावाचं आहे, भाऊ विकेल, बहिणीनं गप्प बसावं.

तर मी काही गप्प बसत नाही.

तुझी बहीण (वादी),
अपा


मोंगोनी, १५ मार्च

अनाएली,

अरे भिंतीवरून उडी मारलीस? या वयात? या पोटासकट?

बेलिफानं प्रतिज्ञापत्र केलंय, कालिंगाबाईंनी मला वाचून दाखवलं. "मी दारात उभा राहून होदी म्हटले. आतून एका स्त्रीने या म्हटले. त्याच वेळी प्रतिवादी मागील भिंतीवरून शेजारच्या आवारात गेला व तेथील कोंबड्या ओरडल्या." कोंबड्यासुद्धा कोर्टाच्या कागदावर आल्या तुझ्यामुळं! मी एवढी हसले की बाईंना पाणी मागवावं लागलं. पण त्याचा काही उपयोग नाही बरं का. कोर्टानं सांगितलं, समन्स दाराला चिकटवा, ते पोचलं असं धरू. ते चिकटवलंय. वाच.

आता हसणं बंद. तुझ्या लॉजवाल्यानं काय केलं ते ऐक.

गेल्या आठवड्यात त्याची माणसं आली. होदी नाही, काही नाही, सरळ आत. कुंपणाचं इसाले सगळं उपटलं. आजोबांच्या हातचं. मोजणीला आडवं येतं म्हणे! एक पोरगेला माणूस मला सांगतो, "आजी, ही नुसती झुडपं आहेत." मी कोयता घेऊन धावले. शेजारची न्देशी पातेलं बडवत आली, तिच्या मागं अख्खी आळी. पण तोवर त्यांनी वरच्या कोपऱ्यापर्यंत साफ केलं होतं. आईच्या कबरीच्या उशाशी लावलेलं इसालेसुद्धा. ढीग केला, रॉकेल ओतलं आणि पेटवला.

मी रडले, अनाएली. धुरानं नव्हे.

दुसऱ्याच दिवशी कालिंगाबाईंनी कोर्टातून हुकूम आणला: निकाल लागेपर्यंत जैसे थे. कुणी काही विकायचं नाही, काढायचं नाही, लावायचं नाही. मी म्हटलं, बाई, सगळं उपटून झाल्यावर जैसे थे? त्या म्हणाल्या, "घर तर जैसे थे आहे ना? मग हे आधी पदरात पाडून घ्या." घेतलं. लॉजवाल्याला हुकूम दाखवायला मीच फाटकाशी उभी होते. त्याचं तोंड बघायला तू हवा होतास. कच्चं केळं खाल्ल्यासारखं.

तर आता तुझी पाळी. समन्सावर लिहिलंय, मुदतीत लेखी कैफियत दाखल कर. बघू काय लिहितोस.

अपा


मोंगोनी, २१ एप्रिल

अनाएली, अरे गाढवा,

हे पत्र मिळताच वकील गाठ. आधी गाठ, मग वाच.

परवा पावसात याकोबो काका चिखल तुडवत वर आले. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी आणि काखेत कुंडी. कुंडी! अंगणात ठेवली आणि गंभीर चेहरा करून म्हणाले, "तुझ्या भावानं इसाले पाठवलंय. गाठ मारून. माफी मागतोय." भावकीतले दोघं म्हातारे साक्षीला मागं उभे.

मी बघतच राहिले. दार-एस-सलामच्या रस्त्यावरच्या रोपवाल्याकडून आणलेलं, पानांवर पिवळे पट्टे! एका पानाला गाठ मारलेली, तीही बुटाच्या नाडीसारखी. म्हाताऱ्यांत वादच लागला. एक म्हणतो, "पट्ट्यांचं इसाले असतं का कुठं? हे चालत नाही." दुसरा म्हणतो, "जात तीच आहे, शहरात राहून रंग बदललाय." काका म्हणाले, "म्हणजे अगदी अनाएलीसारखं." सगळे हसले. मीही हसले, आणि मग माझ्या लक्षात आलं की सगळे माझ्याकडे बघतायत.

कारण रीत तुलाही माहीत आहे. गाठ मारलेलं इसाले आलं की परत पाठवता येत नाही. खून केलेल्यालासुद्धा त्यावर माफी द्यावी लागते, तू तर नुसतं घर विकलंस. घेतलं तर भांडण संपलं. संपलं तर दावा कसला? काका म्हणालेच, "मग उद्या जाऊन दावा काढून घे." आणि मी दावा काढला की जैसे थे गेलं, आणि परवा तो लॉजवाला दारात.

माझं डोकं कधी नव्हे ते चाललं. म्हटलं, "काका, इसाले आमच्या बांधाचं असतं. हे तर बाजारचं. मी परत पाठवत नाही. आईच्या उशाशी लावते. आमच्या मातीत मूळ धरलं तर मग बघू." म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकानं चिखलात काठी आपटली आणि म्हणाला, "पोरगी बोलते ते बरोबर आहे." आणि लावलं मी. हुकमात 'काही लावायचं नाही' असं आहे, हे कोर्टाला सांगू नकोस. सांगायचंच असेल तर त्यासाठी तुला कैफियत दाखल करावी लागेल!

आता मुद्द्याची गोष्ट. काल मोशीला गेले तर कालिंगाबाई खुर्चीतून उठून माझा हात हलवायला लागल्या. "अपाइकुंडा, प्रतिवादी एकनं काहीच दाखल केलेलं नाही! मुदत संपत आली. संपली की त्याच्याविरुद्ध एकतर्फी अर्ज टाकू. तो कोर्टात तोंडही उघडू शकणार नाही." आणि मला एकदम कळलं तू काय केलंस ते. पान पाठवलंस आणि समजलास, उत्तर गेलं! समन्साला इसाले! अरे, ते कोर्ट आहे, याकोबो काकांचं अंगण नव्हे. न्यायाधीशबाई लांबच्या बुकोबाच्या आहेत, चग्गा नव्हेत, त्यांना तुझी गाठ कोण समजावणार?

आयतं जिंकायची संधी आहे. बाई म्हणतात, सोडू नका. पण मला तू गप्प असताना जिंकायचं नाही. तू उभं राहायचं, मी उभी राहणार, आणि ते घर कुणाचं ते तू सगळ्यांसमोर तोंडानं बोलायचं. त्यासाठी तर ही सगळी धडपड केली मी.

म्हणून जा. आजच जा. वकील कर, वेळ मागून घे, कैफियत टाक. माझ्याविरुद्ध काय लिहायचं ते लिही, पण लिही!

तुझी मूर्ख बहीण,
अपा

(कालिंगाबाईंना हे पत्र कळलं तर त्या माझं वकीलपत्र सोडतील.)


मोंगोनी, ४ जून

अनाएली,

मिळाली कैफियत. वेळेत आली.

परिच्छेद पाच. "वादी ही विवाहित स्त्री असून तिचे घर पतीकडे आहे. सदर मिळकतीत ती केवळ पाहुणी म्हणून राहत आहे."

पाहुणी.

पाहुणी बांधाच्या फटीपाशी थांबते. "होदी!" म्हणते. आतून या म्हटल्याशिवाय पाऊल टाकत नाही. मी कधी त्या फटीपाशी थांबले रे? चालता येईना तेव्हा तुला पाठीवर बांधून मी त्या फटीतून आत-बाहेर केलं, तेव्हा आई होदी म्हणायला लावायची का?

तुझ्या वकिलानं लिहिलं असेल. पण खाली सही तुझी आहे.

कालिंगाबाई म्हणतात, रागावू नका, कैफियतीत असंच लिहितात. मी रागावलेले नाही. मी उलट उत्तर दिलंय, परिच्छेद पाच साफ नाकबूल आहे म्हणून. ते नाकबूल मी स्वतः टाइपिस्टला सांगितलं, दोनदा.

अपाइकुंडा किमांबो


मोंगोनी, २० ऑगस्ट

अनाएली,

मला बोलायचं नव्हतं तुझ्याशी. पण कालचा दिवस लिहिल्याशिवाय मला झोप नाही.

खटला उभा राहण्याआधी मध्यस्थी करावीच लागते, असं कोर्टाचं. मला वाटलं, मोठी खोली असेल, माणसं असतील. एवढीशी खोली, एक टेबल, आणि पलीकडे तू. आईच्या मातीनंतर पहिल्यांदा! किती बारीक झालास? भिंतीवरून उड्या मारून की काय? आणि अंगात आईनं विणलेला तो तपकिरी स्वेटर. मोशीत थंडी असते हे विसरला नाहीस म्हणायचं. मी तोंड फिरवून बसले, कारण माझ्या तोंडावर माझा भरवसा नव्हता.

मध्यस्थ म्हातारे गृहस्थ फार गोड. मला म्हणाले, "बाई, तुम्हाला काय मिळालं तर समाधान होईल?" म्हटलं, "घर. आणि परिच्छेद पाच खोडा." तुझा वकील घसा साफ करून म्हणाला, "माझ्या अशिलाची तयारी आहे की वादीने दार-एस-सलामला त्याच्या घरी, मागच्या खोलीत, कायम राहावे." मागची खोली! म्हणजे इथं पाहुणी आणि तिथं मोलकरीण. मी म्हटलं, "त्यापेक्षा कोंबड्यांच्या खुराड्यात बरी, शेजारच्यांच्या." तू खाली बघितलंस. हसू आवरत होतास, मी पाहिलं. लॉजवाल्याचा वकील घड्याळ बघत बसला होता. त्यांचं एकच: करार झालाय, सही आहे, जमीन द्या.

दुपारची सुट्टी झाली आणि फाटकाबाहेर कणीस भाजणारीपाशी आपण दोघं पाठीला पाठ लावून उभे. तू अजून कणीस तसंच खातोस, एक ओळ सोडून एक ओळ. मला हसू आलं, मी ते दाबलं. आणि तू पाठमोरा, अगदी हळू म्हणालास, "ताई, झाड जगलं का?"

मी म्हटलं, "कोर्टात विचार."

मग आत जाऊन कागदावर लिहिलं गेलं: मध्यस्थी निष्फळ. आता खटला उभा राहणार. कालिंगाबाई माझा दंड दाबून म्हणाल्या, "खूश आहात ना?" हो म्हटलं. डोंगर चढताना बसमध्ये मात्र मी खिडकीकडे तोंड करून बसले.

अपा


मोंगोनी, २९ ऑक्टोबर

अनाएली,

मुद्दे निघाले! न्यायाधीशबाईंनी स्वतः वाचले, मी उभी राहून ऐकले, बसा म्हटलं तरी बसले नाही. "वादीस सदर मिळकतीत हक्क आहे काय? प्रतिवादी क्रमांक एक यास वादीच्या संमतीशिवाय ती विकण्याचा अधिकार होता काय?" काय! काय! तो 'काय' मला इतका आवडला. आजवर आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, नुसतं उत्तरच दिलं होतं. भावकीत एकानं खाकरलं की झालं उत्तर. आता एक बाई काळा झगा घालून विचारतेय, म्हणजे अजून ठरायचं आहे.

कागदपत्रांची देवाणघेवाण झाली. लॉजवाल्याचा करार मी डोळ्यांनी पाहिला. तुझी सही किती वाकडी आलीय त्यावर. परीक्षेत नक्कल करताना यायची तशी. घाईत केलीस ना?

तारीख कोर्टाच्या सुट्टीनंतरची, फेब्रुवारीत. आधी मी बोलणार. कालिंगाबाई माझी तयारी करून घेतात. विचारलं तेवढंच बोला, म्हणतात. मी म्हटलं, बाई, ते मला जमलं असतं तर नवरा नसता का टिकला!

न्देशी विचारते, तुला भीती नाही वाटत? हरलीस तर कुठं जाशील? मला माहीत नाही, अनाएली. खरंच माहीत नाही. रोज पाटाचं पाणी केळीत सोडताना वाटतं, पुढच्या वर्षी हे कोण करेल. पण संध्याकाळी तो मुद्द्यांचा कागद काढते, 'काय?' वाचते आणि पुन्हा अंगात वारं भरतं.

झाड जगलं. दोन नवी पानं आलीत, पट्ट्यांसकट. कोर्टात विचारू नकोस, उगाच जैसे थे मोडलं म्हणून मला आत टाकतील.

अपा


मोंगोनी, २९ डिसेंबर

अनाएली,

कालपर्यंत तू इथंच होतास, तरी लिहितेय. कारण साक्षीत तुझी आठवण वेगळी निघेल, तुझा भरवसा नाही.

चोवीस तारखेला नाताळासाठी अख्खा डोंगर भरला होता. दार-एस-सलामवाल्यांच्या, नैरोबीवाल्यांच्या गाड्या वळणावळणावर अडकलेल्या, सगळे आपापल्या किहांब्यात पोचलेले. गेली दोन वर्षं डिसेंबरात तू आला नव्हतास, याही डिसेंबरात येणार नाहीस असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. केळ्यामटणाची म्तोरी मात्र मोठ्या पातेल्यात टाकली. याकोबो काका म्हणाले, "एवढी कुणाला?" म्हटलं, "कुत्र्याला." काका म्हणाले, "तुझ्याकडे कुत्रा नाही."

आणि तेवढ्यात हाक आली. "होदी!"

माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला. पडवीत येऊन बघते तर तू. कुंपण नाही, फट नाही, नुसते खड्डे आणि त्यात गवत, पण तू बरोब्बर तिथंच थांबलास जिथं फट होती. हातात पिशवी, मागं बायको-पोरं, पोरं बिचारी गोंधळलेली की बाबा स्वतःच्या घराबाहेर का उभा आहे. "होदी, ताई!" पुन्हा.

काका म्हणाले, "अगं, या म्हण, उभ्या उभ्या वाळेल तो." मी मोठ्यानं म्हटलं, "पाहुणीनं या कसं म्हणायचं? परिच्छेद पाच वाचा."

तेव्हा तू जे बोललास ते न्देशीनं ऐकलं, तिच्या सुनांनी ऐकलं, रस्त्यावर गाडी ढकलणाऱ्यांनी ऐकलं. "घर तुझं आहे, ताई. तू या म्हटल्याशिवाय मी आत येणार नाही."

मी 'ये' म्हटलं. रडले नाही. कोर्टात कुणी विचारलं तर रडले नाही असंच सांगणार आहे.

मग तू मागं गेलास, आईपाशी. झाड तुझ्या गुडघ्याला लागत होतं. "तोडू?" विचारलंस. पान तोडलंस, गाठ मारलीस, पुन्हा बुटाच्या नाडीची, मी ती सोडून तुला नीट मारायला शिकवली आणि मग दोन्ही हातांनी घेतली. काका म्हणाले, "पट्ट्यांचं असलं तरी आता आपल्या मातीतलं आहे. चालतं." माझी माफी तिथं झाली, पूर्ण, मागं काही ठेवलं नाही. ते तुला लेखी हवं असेल तर हे घे लेखी.

जेवताना तुझ्या बायकोनं सांगितलं की ती मागची खोली तुम्ही रंगवून ठेवली होती. निळी. खिडकी मोठी करून घेतली होती, मला उजेड लागतो म्हणून. तू म्हणालास, "मला वाटलं, आई गेल्यावर तू एकटी इथं काय करशील, आमच्याकडे येशील." मी विचारलं, "मला विचारलंस?" तू म्हणालास, "नाही." अरे, एवढं एक विचारलं असतंस! पण मग मला तो शिक्क्याचा आवाज ऐकायला मिळाला नसता, तेही खरं.

आणि मग तू निर्धास्त होऊन, हाड चोखत म्हणालास, "चला, मिटलं. आता दावा काढून घे." तेव्हा मी हसले ते तुला लागलं, मला दिसलं. म्हणून पुन्हा नीट सांगते. तुझी-माझी माफी झाली, लॉजवाल्याची झाली नाही. त्याच्या हातात तुझ्या सहीचा करार आहे, तो इसाले बघून सोडणार नाही. त्यानं तर जाळलं ते. मी दावा काढला की जैसे थे उठलं, आणि त्याची माणसं पुन्हा अंगणात. कोर्टानं 'काय?' विचारलंय, त्याचं उत्तर आता कोर्टानंच द्यायला हवं. तू हाड ताटात ठेवून म्हणालास, "मग मी काय करू?"

त्याचं उत्तर मी आज घेऊन आले. कोर्ट बंद आहे, म्हणून कालिंगाबाईंच्या घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं. पत्रांसकट. त्यांनी चष्मा काढला. "प्रतिवादीला? पत्रं? किती?" म्हटलं, "मोजली नाहीत." "कैफियत दाखल कर म्हणूनही तुम्हीच लिहिलंत?" "हो." मला वाटलं आता वकीलपत्र परत देतात. मग म्हणाल्या, "वीस वर्षं वकिली केली, असा अशील पाहिला नाही." आणि हसत सुटल्या, त्यांच्या घरची माणसं बाहेर आली बघायला. हसून झाल्यावर साक्षीदारांच्या यादीचा कागद काढला आणि त्यात नवी ओळ लिहिली. आधी न्देशी होती, काका होते. आता खाली आहे: प्रतिवादी क्रमांक एक, वादीतर्फे.

बाई म्हणाल्या, सोपं नाही. लॉजवाल्याचा वकील तुझी सालं काढेल. स्वतःची सही स्वतः कशी खोडता, विचारेल. आणि निकाल काय लागेल हे कुणीच सांगू शकत नाही. मी हरूही शकते, अनाएली. पण आता उभं राहायचं तर आपण दोघं एका बाजूला. मला आनंदानं काही सुचत नाहीये, डोंगर चढताना कंडक्टरनं तिकीट मागितलं तर मी त्याला यादी दाखवली!

तारीख तुला माहीत आहे. आदल्या दिवशी ये. कोट घाल, तो तपकिरी स्वेटर आत घाल. तो वकील तुला विचारेल, "ही बाई त्या घराची कोण?" तेव्हा खाली बघू नकोस. चोवीस तारखेला जेवढ्या मोठ्यानं बोललास तेवढ्याच मोठ्यानं सांग.

आणि वर घरी आलास की बांधावर थांबू नकोस, होदी म्हणू नकोस. सरळ आत ये. घरची माणसं होदी म्हणत नाहीत.

तुझी ताई,
अपा